गंगेवरच्या भिंतींना हात लावण्यापूर्वी : सिंहस्थाची कामे ठरवणाऱ्यांना खुले पत्र

सिंहस्थाची कामे ठरवणारे, त्यांची अंदाजपत्रके करणारे, निविदा घेणारे, जुन्या देवळांचे विश्वस्त आणि भिंती रंगवायला येणारे चित्रकार, अशा सर्वांस,

स. न. वि. वि.

२०२७ चा सिंहस्थ तोंडावर आला आहे. सिंहस्थ आला की नाशकात, म्हणजे जिथे गोदावरीलाच गंगा म्हणतात तिथे, तीन गोष्टी होतातच : रस्ते उकरले जातात, घाटावर काँक्रीट पडते आणि दिसेल त्या भिंतीला रंग लागतो. २०१९ च्या कुंभाआधी प्रयागराजला शहरभर भिंती रंगवल्या गेल्या, तेव्हापासून कुंभ म्हटला की भित्तिचित्रे हे समीकरणच होऊन बसले आहे. पत्र लिहिण्याचे कारण तेच.

चित्रांना आमचा विरोध नाही. आमच्यात चित्रकार आहेत, गवंडी आहेत, सुतार आहेत, आणि पाहुण्यांना पंचवटीपासून तिवंध्यापर्यंत पायी फिरवणारेही आहेत. या गल्ल्यांवरच आमची पोटे चालतात, त्यामुळे त्या नुसत्या चकचकीत होऊन आमचे भागत नाही. पुढच्या सिंहस्थालाही त्या जागेवर असायला हव्यात. आमची तक्रार एवढीच आहे की कामाच्या कागदात ‘रंगकाम, प्रति चौरस मीटर’ अशी एक ओळ असते आणि भिंत कशाची आहे हे कुठेच लिहिलेले नसते.

भिंत कशाची हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. आडोशाच्या जागी खिळ्याने हलकेच खरवडा. चुन्याचा गिलावा असेल तर पांढरट भुकटी पडते, वाळूचे दाणे सुटतात, कधी तागाचा धागा दिसतो. सिमेंटवर खिळा घसरतो आणि करडी रेघ तेवढी उठते. मग पाण्याचा एक थेंब लावा. चुना तो बघता बघता पिऊन टाकतो, रंगाच्या पापुद्र्यावरून तो ओघळतो. एकेका भिंतीला पाच मिनिटे गेली तरी पुष्कळ झाली. पण ही पाच मिनिटे कुणाच्या कामात धरलेली नाहीत.

का धरावीत, ते सांगतो.

जुन्या नाशकातल्या भिंती ढोबळमानाने तीन जातींच्या. देवळे आणि घाट काळ्या दगडाचे, दर्जा, म्हणजे दगडांमधले सांधे, चुन्याच्या. वाड्यांच्या भिंती विटांच्या, पुष्कळदा मातीत रचलेल्या आणि वरून चुन्याने गिलावलेल्या. तिसरी जात सिमेंटची, गेल्या साठ-सत्तर वर्षांतली. पहिल्या दोन भिंती पाणी अडवत नाहीत. त्या पाणी आत घेतात आणि ऊन पडले की सोडून देतात. काळा पाषाण घट्ट असतो, म्हणून दगडी भिंतीतली ये-जा मुख्यतः चुन्याच्या दर्जांतून चालते. बाहेरून अॅक्रिलिक रंगाचा थर दिला की ही वाट बुजते. जमिनीतून वर चढणारी ओल मात्र थांबत नाही. ती सोबत क्षार आणते. पाणी उडून जायला जागा शोधते, क्षार मागे राहून रंगाच्या पाठीशी साखरेसारखे जमतात आणि आतून ढकलू लागतात. यालाच आपण लोणा लागला म्हणतो.

सराफ बाजाराच्या आसपास जुन्या भिंतीवरचा रंगाचा पोपडा सहज हाताला येतो. असा एक पोपडा उलटा करून पाहा. वरच्या अंगाला तकतकीत रंग, त्याखाली प्रायमर, त्याखाली पुट्टी आणि सर्वांत मागे चुन्याच्या गिलाव्याची नखभर जाडीची कपची, तिच्यावर पांढरा लोणा. म्हणजे रंग एकटा निघालेला नाही, जाताना भिंतीची कातडीही घेऊन गेला आहे. पुढच्या वेळी त्या खड्ड्यात पुट्टी भरली जाते, पुन्हा रंग लागतो आणि पुढच्या वेळी कपची आणखी जाड निघते. दोन-तीन फेऱ्यांनंतर कुणीतरी म्हणते, गिलावा खराबच झालाय, सिमेंटने करून टाकू. मातीत रचलेल्या वाड्याच्या भिंतीला बाहेरून सिमेंट चढले की आतली माती पावसाळाभर ओली राहते, भार घेणारी वीट खाली दबत जाते आणि एखाद्या रात्री भिंत बसते. वाडा पडल्याच्या बातमीत ‘जीर्ण झाल्याने’ असा शब्द असतो. त्या जीर्णपणात वरून चढवलेल्या सिमेंटचा वाटा किती, हे कुणी मोजत नाही.

आता घाट. दुतोंड्या मारुती हे आपले पूरमापक. पाणी त्याच्या गुडघ्याला, छातीला की डोक्यावरून, यावरून नाशिककर पुराचा अंदाज बांधतो. २००८, २०१६ आणि २०१९ या तिन्ही वर्षी पाणी कुठवर चढले ते काठावरच्या लोकांच्या डोळ्यांसमोर आहे. नारोशंकराच्या देवळाची घंटा, वसईच्या विजयाची खूण म्हणून आणलेली, नदीकडच्या भिंतीवर टांगलेली आहे आणि पाणी घंटेला लागले का, हाही जुना मापदंड आहे. पुरात बुडालेली दगडी भिंत वरून आठवड्यात सुकली तरी आतून कित्येक महिने ओली असते. त्या ओल्या भिंतीवर नोव्हेंबरात चित्र काढले तर ते मार्चमध्ये फुगते. म्हणून पूररेषेखालच्या दगडी भिंतीवर चित्र म्हणजे पैसे गंगेत सोडणे, तेही दगडाची कड सोबत घेऊन.

दर्जांचे काम तर रंगाहून वाईट होते. चुना झडलेला दिसला की सिमेंट भरायचे आणि वरून दगडभर पसरलेली उठावदार पट्टी ओढायची, ही पद्धत रूढ झाली आहे. लांबून ठसठशीत दिसते. पण सिमेंट पाणी सोडत नाही, मग पाणी दगडाच्या कडेने बाहेर येते आणि काही वर्षांनी दगडाच्या कडा सुटू लागतात. सिमेंट तसेच्या तसे, झिजतो तो दगड. व्हायला हवे ते उलट. दर्ज झिजावी आणि दगड राहावा, म्हणून तर ती दगडापेक्षा मऊ ठेवायची.

बरोबर पद्धत अशी. दर्ज हातछिन्नीने उकरायची. ग्राइंडर लावला की पाते दगडात शिरते आणि ती चीर कायमची राहते. खोली दर्जेच्या रुंदीच्या निदान दुप्पट, साधारण २० ते २५ मिलिमीटर. भुकटी झाडून दर्ज ओलावून घ्यायची. कळीचा चुना विरवून, गाळून मुरवलेला एक भाग आणि धुतलेली, कोनेदार वाळू अडीच ते तीन भाग. ते दाबून भरायचे, दगडाच्या तोंडापासून किंचित आत राखायचे आणि सात दिवस ओल्या पोत्याने झाकायचे. ही सात दिवसांची ओलच कंत्राटात सर्वांत आधी गळते. एप्रिलच्या उन्हात न झाकलेला चुना वरून पटकन वाळतो आणि आत भुसा राहतो. मग ‘चुना टिकत नाही’ असा शेरा बसतो. पावसाळ्यातही हे काम नको. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा खरा हंगाम, आणि सिंहस्थाच्या आधी असे हंगाम उरलेत किती ते बोटांवर मोजून पाहा.

देवळांच्या ऑइल पेंटबद्दल विश्वस्तांशी थोडे बोलायचे आहे. काळारामाचे देऊळ रामशेजच्या दगडाचे. त्याचा काळा रंग हेच त्याचे रूप आहे, म्हणून तिथे उभे राहिले की रंग लावावा असे कुणाच्या मनातही येत नाही. पण घाटावरच्या लहान देवळांचे काय झाले आहे ते पाहा. शेंदरी, पोपटी, चंदेरी, थरावर थर. भाव चांगलाच असतो, कुणीतरी नवसाचा डबा आणून देतो. मात्र दहा थरांनंतर द्वारपालाच्या बोटांमधली फट बुजते, कीर्तिमुखाचे दात एकसलग दिसू लागतात, आणि दगडात साठलेले पाणी पायथ्याशी फुटते.

हा रंग काढायची घाई झाली की आणखी एक आपत्ती येते. ती म्हणजे वाळूचा मारा. सँडब्लास्टिंगने रंग जातो, सोबत पाथरवटाच्या टाकीची, म्हणजे छिन्नीची, निशाणी आणि दगडाची जुनी, घट्ट झालेली साय जाते, आणि खरखरीत झालेल्या पृष्ठावर धूळ व शेवाळ दुप्पट वेगाने बसते. तारेचा ब्रश, आम्ल आणि कॉस्टिक सोडाही नकोत. सोडा रंग काढतो पण क्षार दगडात सोडून जातो. रंग काढायचाच असेल तर आधी तळहाताएवढ्या, १० बाय १० सेंटिमीटरच्या जागेवर, मागच्या बाजूला, चाचणी घ्यावी : जेलसारखा रंगकाढू लेप, वरून प्लास्टिक, मऊ झालेला थर बांबूच्या किंवा लाकडी पट्टीने उचलायचा, नायलॉनचा ब्रश, साधे पाणी. चाचणी आठवडाभर सुकू द्यावी, तिचे फोटो ठेवावेत आणि मगच पुढे जावे. शेवटी क्षार ओढून घ्यायला कागदाच्या लगद्याचा ओला लेप लावून तो भिंतीवरच सुकू द्यायचा. एका माणसाचे दिवसाचे काम चौरस मीटरच्या आतबाहेर होते. ज्याला एका आठवड्यात अख्खे देऊळ ‘मूळ रूपात’ हवे आहे त्याने कृपया रंग तसाच राहू द्यावा. तो कमी नुकसान करतो.

रामकुंडाजवळचे गंगा-गोदावरीचे देऊळ सिंहस्थातच उघडते. अशी बंद वास्तू उघडली की पहिली आज्ञा सुटते ती रंग मारून घेण्याची. थांबा. वर्षानुवर्षे कोंडलेली ओल आत असते. दारे-झरोके उघडून वारा खेळू द्यावा, पंखे लावून भिंती घाईने सुकवू नयेत, आणि आतल्या अंगाला फार तर चुन्याची सफेदी करावी.

सफेदी म्हणजे डिस्टेंपर नव्हे. विरवलेला चुना निदान पंधरवडा पाण्याखाली मुरलेला, फडक्यातून गाळलेला, दुधाइतका पातळ. भिंत ओलसर करून एक हात, दुसऱ्या दिवशी दुसरा, असे चार-पाच. जाड एकच हात दिला तर तो खडूसारखा हाताला लागतो. रंग हवा असेल तर गेरू, पिवळी माती, कोळशाची पूड असे मातीचे आणि खनिज रंग चालतात, चुन्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाच्या आत. त्याहून जास्त घातले की चुना ते धरून ठेवत नाही. अशाच रंगांनी मराठेशाहीत वाड्यांच्या आतल्या भिंती रंगल्या. वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांच्या वाड्यातली चित्रे अजून पाहायला मिळतात. चुन्याच्या भिंतीवर चित्र काढण्याची कला आपल्याकडे उपरी नाही, उपरा आहे तो प्लास्टिकचा पापुद्रा.

मग भित्तिचित्रे काढायची कुठे? जागा भरपूर आहेत. मुंबई-आग्रा महामार्गाच्या उड्डाणपुलाचे खांब, शाळांच्या आवारभिंती, पंपघरे, वीज उपकेंद्रांच्या भिंती. सिमेंटच्या भिंतीवर हवे तितके काढा, फक्त नीट काढा. नवा गिलावा असेल तर २८ दिवस जाऊ द्यावेत. फूटभर चौरस प्लास्टिक चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर लावून २४ तास ठेवावे. आतून थेंब जमले तर भिंत ओली आहे, रंग नको. वरची कड उघडी असेल तर पाणी तिथून शिरते, म्हणून भिंतीच्या माथ्यावर आधी उतार आणि पाणगळ काढून घ्यावी. अल्कली सोसणारा प्रायमर, मग बाहेरच्या कामाचा अॅक्रिलिक. खालचे दोन-अडीच फूट चित्रात धरू नयेत. पावसाचे शिंतोडे, गाड्यांचा चिखल आणि पानाच्या पिचकाऱ्या तिथेच बसतात. तेथे गडद साधा पट्टा द्यावा, तो दरवर्षी पुन्हा मारता येतो. पश्चिमेच्या भिंतीवर झगझगीत लाल आणि पिवळे आधी विटतात. तिथे गेरू-तांबड्याच्या जातीचे रंग जास्त दिवस तग धरतात.

जुन्या गल्लीतच चित्र हवे असा आग्रह असेल तर भिंतीपासून सुटे फलक लावावेत. मागे निदान दोन-तीन बोटे पोकळी, खालून-वरून हवा जायला वाट, आणि खिळे दगडात न मारता दर्जेत, स्टेनलेस स्टीलचे. साधे लोखंड गंजून फुगते आणि दगड उकलतो. माहितीफलकांनाही हाच नियम लावा. देवळाचा इतिहास सांगणारी पाटी देवळालाच भोक पाडून बसवलेली पाहिली की हसावे की रडावे कळत नाही. चुन्याच्या गिलाव्यावर थेट चित्र काढणाऱ्यांसाठी पोटॅशियम सिलिकेटचे रंग आहेत, त्यांतून भिंतीचा श्वास चालू राहतो. पण भिंतीवर आधीचा ऑइल पेंट किंवा अॅक्रिलिक असेल तर ते तिथे धरत नाहीत, हे डबा उघडण्याआधी पाहावे.

भिंतींनंतर रस्ते. भद्रकाली, दहीपूल, हुंडीवाला लेन, तांबट लेन या गल्ल्यांत घरांची जोती मूळची दोन-तीन पायऱ्यांची. प्रत्येक वेळी जुना थर न खरवडता नवा टाकला की डांबराचे चार-पाच सेंटिमीटर वाढतात, काँक्रीट असेल तर पंधरा-वीस. अशा काही फेऱ्यांत पायऱ्या रस्त्याच्या पोटात जातात, उंबरा रस्त्याच्या पातळीला येतो आणि पावसाचे पाणी दारातून आत येते. सागवानी चौकटीचा पाय कुजतो, तिच्यावरचा सगळा भार सरकतो. कडेला चिकटून पेव्हर ब्लॉक बसवले की जमिनीतली ओल रस्त्यातून वर यायची बंद होते आणि भिंतीची वाट धरते.

आणि रहाडी. रंगपंचमीला वर्षातून एकदा उघडणारे हे दगडी हौद तिवंधा, शनि चौक, दिल्ली दरवाजा अशा ठिकाणी चक्क रस्त्याच्या पोटात आहेत. एरवी त्यांवरून वाहने जातात आणि परक्या ठेकेदाराला खाली काही आहे याचा पत्ता नसतो. रहाडीवरून रोलर फिरवणे किंवा तिच्या कडेला जेसीबीने चर खणणे, यांपैकी एक गोष्ट ती मोडायला पुरे. ती जागा नकाशावर हवी, रस्त्यावर दगडी चौकटीने आखलेली हवी.

चरांबद्दल एक वाक्य. ज्या गावात १९५०-५१ साली पुरातत्त्वज्ञ सांकळिया आणि देव यांनी उत्खनन करून हजारो वर्षांची वस्ती दाखवून दिली, त्या गावाच्या गढीलगत गटाराचा चर खणताना पुरातत्त्वाचा जाणकार हजर असणे ही चैन नव्हे.

कुंडांच्या तळाला पूर्वी काँक्रीट घातले गेले आणि त्याखाली झरे दबले, यावर नाशकात पुरेसे बोलून झाले आहे. इथे एवढेच सांगायचे आहे की गर्दीच्या सोयीसाठी पुन्हा तीच चूक नको. निसरड्या पायऱ्यांवर उपाय टाकीने दगडाला खडबडीतपणा देणे हा आहे, वर फरशी डकवणे हा नव्हे.

आमच्या मागण्या :

१. गोदाघाट आणि जुन्या गावठाणातल्या कोणत्याही भिंतीवर रंग, गिलावा किंवा दर्जभरणीचा आदेश देण्यापूर्वी त्या भिंतीचा एक पानी कागद व्हावा : कशाची, वय अंदाजे किती, ओल कुठवर, आधीचे थर कोणते, चारी बाजूंचे फोटो. कागद नसेल तर देयक निघू नये.

२. दगड आणि चुन्याच्या भिंतींवर अॅक्रिलिक, ऑइल पेंट, पुट्टी आणि सिमेंट यांना निविदेतच मनाई असावी. सँडब्लास्टिंगलाही.

३. चुन्याच्या कामाची स्वतंत्र नोंद दरसूचीनुसार धरावी, त्यात मुरवण्याचे आणि ओले ठेवण्याचे दिवस मोजलेले असावेत. नमुन्यादाखल एक चौरस मीटर काम आधी करून दाखवल्याशिवाय पुढचे सुरू होऊ नये.

४. भित्तिचित्रांसाठी फक्त सिमेंटच्या भिंतींची यादी जाहीर करावी. चित्रकारांना ओलीच्या चाचणीसाठी आणि प्रायमर सुकण्यासाठी वेळ द्यावा. दोष-दायित्वाच्या, म्हणजे ठेकेदाराने दोष स्वतः दुरुस्त करून देण्याच्या, मुदतीत दोन पावसाळे यावेत.

५. जुन्या गल्ल्यांत आधीचा थर खरवडल्याशिवाय नवा टाकू नये. प्रत्येक जुन्या जोत्याची आजची पातळी खूण करून ठेवावी, आणि जोत्यालगत निदान एक फूट पट्टी काँक्रीटविना, खडी किंवा सुट्या दगडांची राखावी.

६. रहाडी, जुने हौद, विहिरी आणि कुंडे यांचा एकच नकाशा करून तो खोदकाम करणाऱ्या प्रत्येकाच्या हाती, कामाच्या जागेवर, मराठीत द्यावा.

७. सुंदरनारायण मंदिर, सरकारवाडा अशा राज्य संरक्षित वास्तूंवर निदान कायद्याची नजर आहे. ज्यांवर ती नाही अशी घाटावरची लहान देवळे, ओवऱ्या, दीपमाळा आणि पायऱ्या यांची गणना या हंगामात व्हावी. विश्वस्तांना विचारून, त्यांना वगळून नव्हे.

या मागण्यांपैकी पहिलीला जवळपास खर्चच नाही. एक खिळा, पाण्याची बाटली, प्लास्टिकचा तुकडा, चिकटपट्टी आणि मोबाइलचा कॅमेरा लागतो. गाडगे महाराज पुलापासून होळकर पुलापर्यंतच्या दोन्ही काठांच्या भिंती चार माणसे आठवड्याभरात तपासू शकतात. माणसे आमच्याकडे आहेत. कोणत्या दिवशी, कोणत्या टोकापासून सुरुवात करायची तेवढे कळवावे.

कळावे,

जुन्या नाशकातले काही गवंडी, सुतार, चित्रकार आणि गल्ल्या दाखवणारे